रक्तातलं कॅल्शियम, टाकीतलं ट्रायक्लोरो आणि मधलं लिव्हर

शनिवारी दुपारी आमच्या लॅबमध्ये गर्दी नसते. सांगलीचा शनिवारचा बाजार आटोपला की सगळे घराकडे वळतात. अशाच एका शनिवारी कुपवाड एमआयडीसीतले एक मामा आले. पन्नाशी उलटलेली, हातात आमचाच आदल्या दिवशीचा रिपोर्ट, आणि त्यातल्या दोन आकड्यांखाली निळ्या पेनाने मारलेल्या रेघा. एक रेघ एसजीपीटीखाली (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), २१२. दुसरी कॅल्शियमखाली, १२.८.

"ताई, ह्ये कॅल्शियम वाढलंय म्हणून लिवर सुजलंय का ओ? का लिवर सुजलं म्हणून कॅल्शियम वाढलं?"

मी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं, आणि हे मी त्यांना आधीच सांगितलं. पण प्रश्न इतका नेमका होता की सोडवेना. म्हणून दोन गोष्टी विचारल्या: काम काय करता, आणि औषधं कुठली चालू आहेत.

काम पार्ट धुण्याचं. लेथवरून उतरलेल्या सुट्या भागांना तेल, ग्रीस, बारीक कीस चिकटलेला असतो. प्लेटिंगला जाण्याआधी ते निघावं लागतं. त्यासाठी खोल टाकी, तळाशी हीटर, वर गार पाण्याची नळी फिरवलेली. टाकीत ट्रायक्लोरोइथिलीन, तेल-ग्रीस विरघळवणारं सॉल्व्हंट, कामगारांच्या तोंडी नुसतं 'ट्रायक्लोरो'. ते ८७ अंशाला उकळतं, त्याची वाफ पार्टांवर बसते आणि तेल घेऊन खाली ठिबकते. वरच्या गार नळ्यांना लागून उरलेली वाफ पुन्हा द्रव होते, म्हणजे व्हायला हवी. ऑर्डरची घाई असली की झाकण उघडंच राहतं, पाणी कधी चालू असतं कधी नसतं, आणि गोडसर वास शेडभर पसरतो. "संध्याकाळी जरा हलकं हलकं वाटतंय," मामा म्हणाले. हात कशाने धुता, विचारलं. त्याच ट्रायक्लोरोत भिजवलेल्या फडक्याने.

औषधात गुडघेदुखीसाठी दिलेली व्हिटॅमिन डीची पुडी. ६०,००० युनिटची, आठवड्याला एक घ्यायची. मामा ती रोज घेत होते, दुधातून, दोन महिन्यांहून जास्त. "ताकदीचीच हाय म्हटल्यावर रोज घेतली तर काय बिघडतंय?" वर दिवसभर तंबाखू आणि चुना. चुना म्हणजेही कॅल्शियमच.

म्हणजे एकाच शरीरात दोन वेगळी कारणं राहायला आली होती. प्रश्न एवढाच, की ती आत एकमेकांना भेटतात का? त्या दिवशी मामांना थोडं सांगितलं, उरलेलं इथे लिहिते.

आधी १२.८ खरं का ते बघू

लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला वाढलेला आकडा दिसला की पहिला संशय स्वतःच्याच हातावर येतो. शीर सापडावी म्हणून दंडाला रबरी पट्टा बांधतो. तो दोन-तीन मिनिटं तसाच राहिला तर शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं मागे राहतात, आणि प्रथिनांना चिकटलेलं कॅल्शियम उगाच जास्त दिसतं. उलटी चूकही होते. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं रक्त चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं गेलं, तर त्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन, कॅल्शियमला धरून ठेवतं आणि कॅल्शियम धोकादायक कमी, पोटॅशियम धोकादायक जास्त असा रिपोर्ट निघतो. पेशंट मात्र समोर बसून चहा पीत असतो.

दुसरी गोष्ट अल्ब्युमिनची. रक्तातलं साधारण ४० टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. जेमतेम निम्मं मोकळं असतं आणि शरीराला मतलब त्या मोकळ्याशी. अल्ब्युमिन लिव्हरच बनवतं. लिव्हर जुनाट आजारी असलं की अल्ब्युमिन उतरतं आणि एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, मोकळं कॅल्शियम जागेवर असलं तरी. म्हणून लिव्हरच्या पेशंटचं कॅल्शियम अल्ब्युमिन शेजारी ठेवूनच वाचायचं.

मामांचं रक्त मी पट्टा न बांधता पुन्हा घेतलं. १२.७ आलं. अल्ब्युमिन ४.१, म्हणजे नॉर्मल. आकडा खरा होता.

आयर्विन पुलावरची पट्टी

आता मुद्द्याचं. 'कॅल्शियम वाढलं' हे वाक्य दोन अगदी वेगळ्या जागांबद्दल बोललं जातं, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक जागा रक्त. दुसरी जागा पेशीच्या आत.

शरीरात एकूण किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत. रक्तात ते एका डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतं. त्यातलं मोकळं कॅल्शियम, मिलिमोल या दुसऱ्या एककात मोजलं तर, लिटरला सुमारे १.२ मिलिमोल. आणि पेशीच्या आतल्या द्रवात? तिथे ते ०.०००१ मिलिमोल असतं. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा दहा-बारा हजार पट जास्त.

हा आकडा नुसता ऐकून डोक्यात बसत नाही. सांगलीकरांना मात्र पाण्याची पट्टी वाचता येते. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. समजा रक्तातलं १० हे कॅल्शियम म्हणजे नदी ४५ फुटांवर. मग नदीकाठच्या घरात, म्हणजे पेशीत, पाणी किती? जेमतेम एक-दीड मिलिमीटर. फरशी ओली दिसेल एवढंच. ४५ फूट पाणी बाहेर आणि फरशीवर ओल, ही रोजची, निरोगी अवस्था.

याच हिशोबाने मामांचं १२.८ म्हणजे नदी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तो आकडा ज्याने घराच्या माळ्यावर बसून काढलाय त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. पण पेशीच्या बाबतीत गंमत अशी, की भिंत शाबूत असेल तर नदी ४५ वर असो की ५७ वर, आतली ओल दीड मिलिमीटरच राहते. पेशीपटल कॅल्शियमला सहज आत येऊ देत नाही, आणि चुकून शिरलेलं कॅल्शियम बाहेर उपसायला पटलावर पंप बसवलेले असतात. आतही एक हौद असतो, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पडद्यांच्या जाळ्याचा. उरलंसुरलं कॅल्शियम त्यात खेचून साठवायला वेगळे पंप असतात. ही उपसाउपशी रात्रंदिवस चालते, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पेशी कॅल्शियमचा निरोप्यासारखा वापर करते. हौदाचं झाकण क्षणभर उघडायचं, चिमूटभर कॅल्शियम सोडायचं, लगेच परत खेचायचं. भीती वाटली, ॲड्रेनॅलिन आलं, की लिव्हरच्या पेशीला 'साखर सोड' हा हुकूम अंशतः याच वाटेने पोचतो. म्हणजे पेशीतली बरीच एन्झाइम्स कॅल्शियमची चाहूल लागताच जागी होतील अशीच बेतलेली असतात. त्यात पेशीपटलातली चरबी कापणारी आहेत, प्रथिनं कातरणारी आहेत, डीएनए तोडणारीही आहेत. एकेकाला क्षणभर जागं केलं तर कामाची. सगळी एकदम जागी झाली तर घराला घरातलीच माणसं पाडतात.

सॉल्व्हंट भिंत कशी पोखरतं

या विषयातला अभ्यास ज्या रसायनावर सगळ्यात जास्त झाला ते ट्रायक्लोरो नाही, तर त्याचं जहाल भावंड, कार्बन टेट्राक्लोराइड. एके काळी ड्राय क्लीनिंगला, कपड्यावरचे डाग काढायला, आग विझवायच्या नळकांड्यांतही तेच असायचं. ओझोनच्या थरालाही ते घातक ठरलं. म्हणून माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांनी १ जानेवारी २०१० पासून सॉल्व्हंट म्हणून त्याचा वापर थांबवायचा होता. प्रयोगशाळेत मात्र ते अजून आहे. बाटलीवर 'लिव्हर टॉनिक' असं लिहिलेलं जे काही बाजारात येतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची पहिली परीक्षा उंदराला कार्बन टेट देऊनच होते. (आपल्या सांगलीच्या हळदीतलं कर्क्युमिनही त्या परीक्षेत चांगले मार्क मिळवतं. पण उंदराचे मार्क माणसाला लागू होतातच असं नाही. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी लिव्हर सुजल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद खुशाल खा.)

कार्बन टेट स्वतः आळशी रसायन आहे. त्याला विषारी करतं ते लिव्हरच. बाहेरून आलेली रसायनं मोडून बाहेर टाकणं हे लिव्हरचं काम, आणि त्यासाठीचं एक एन्झाइम म्हणजे सीवायपी२ई१. ते कार्बन टेटचा एक क्लोरीन तोडतं आणि जे उरतं तो फ्री रॅडिकल असतो, एक हात मोकळा राहिलेला, दिसेल त्याला धरणारा. तो पडद्यांतल्या चरबीला धरतो, ती चरबी शेजारच्या चरबीला, आणि साखळी सुरू होते. तेल खवट होतं तशीच ही क्रिया, फक्त जिवंत पेशीत आणि काही मिनिटांत.

हे एन्झाइम असतं कुठे? एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यातच. म्हणजे ज्या हौदात कॅल्शियम साठवलंय त्याच हौदाच्या भिंतीत आग लागते. हौदाचा पंप बंद पडणं हे कार्बन टेटच्या विषबाधेतलं अगदी सुरुवातीचं लक्षण आहे. तासाभराच्या आत, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अजून ठीकठाक दिसत असतानाच, तो मंदावतो. हौदातलं कॅल्शियम आतच सांडतं. मग बाहेरच्या पटलावरचे पंप दमतात, मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली एटीपी बनवणारी केंद्रं, जादा कॅल्शियम गिळून फुगतात, एटीपी संपतं आणि उपसा बंद. पटलाला फोड येतात, ते फुटतात. त्यानंतर बाहेरची नदी आत शिरते.

म्हणजे पाणी दोनदा शिरतं. पहिलं घरातल्याच हौदाचं, दुसरं नदीचं. रक्तातल्या कॅल्शियमचा संबंध आला तर या दुसऱ्याशी.

सीवायपी२ई१ लिव्हरमध्ये सगळीकडे सारखं नसतं. लिव्हरच्या प्रत्येक छोट्या खंडाच्या मधोमध एक शीर असते, तिच्या भोवतीच्या पेशींत ते दाटीने असतं. म्हणून कार्बन टेटने मेलेल्या लिव्हरचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मधल्या शिरेभोवती फिकट, मेलेलं वर्तुळ आणि कडेला बऱ्यापैकी जिवंत पेशी असं चित्र दिसतं. दारूनेही हेच एन्झाइम वाढतं. दिवसभर टाकीवर उभा राहून संध्याकाळी क्वार्टर घेणाऱ्याचं लिव्हर म्हणून दुप्पट अडचणीत असतं. मामा माळकरी निघाले, तो प्रश्न तिथेच मिटला.

ट्रायक्लोरो कार्बन टेटइतकं लिव्हरच्या मुळावर उठत नाही, पण मोडणारं एन्झाइम मुख्यतः तेच. शिवाय काही कामगारांत त्याने अंगभर पुरळ आणि लिव्हरची तीव्र सूज एकत्र येते. मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी तर ते कॅन्सरच्या कारणांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या कारणांत, मोडतं.

कुत्री, उंदीर आणि उलटसुलट उत्तरं

इथून पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण यात शहाण्या माणसांनी 'कॅल्शियम लिव्हरला तारतं की मारतं' या एकाच प्रश्नाला एकमेकांच्या उलट उत्तरं दिली आणि कोणीच चुकीचं नव्हतं.

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या मॉरिस हॉल या जंतशास्त्रज्ञाने अंकुशकृमीवर, म्हणजे हुकवर्मवर, कार्बन टेट पाजायचा उपाय सुचवला. आज ऐकूनच अंगावर काटा येतो, पण त्या काळात तो जगभर झपाट्याने पसरला, कारण स्वस्त होता आणि जंत खरंच पडत. मधूनमधून माणसंही दगावत. काही जण सहज पचवतात आणि काही तेवढ्याच डोसाने का मरतात, हे शोधायला व्हँडरबिल्ट विद्यापीठात पॉल लॅम्सन आणि ॲन मायनॉट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. निव्वळ मांसावर ठेवलेली कुत्री पटापट आजारी पडत. मांसात कॅल्शियम फार कमी. त्यांना भरपूर कॅल्शियम दिलं की तीच मात्रा ती सोसत. त्यामुळे १९२० च्या दशकाच्या शेवटी कार्बन टेटच्या विषबाधेत कॅल्शियम द्या, असा सल्ला रूढ झाला. म्हणजे कॅल्शियम तारणारं.

चाळीसेक वर्षांनी चित्र उलटलं. १९६० च्या सुमारास विष दिलेल्या उंदरांच्या लिव्हरमधले धातू मोजले गेले आणि कॅल्शियम कित्येक पटींनी वाढलेलं सापडलं, मायटोकाँड्रियात ठासून भरलेलं. १९७९ मध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या लिव्हरच्या पेशी ताटलीत वाढवून त्यांच्यावर पडदे फोडणारी दहा निरनिराळी विषं घातली. भोवतीच्या द्रवात कॅल्शियम असेल तर पेशी मरत, नसेल तर बऱ्याचशा तगत. निष्कर्ष असा, की विष कुठलंही असो, शेवटचा घाव बाहेरून शिरणारं कॅल्शियम घालतं. म्हणजे कॅल्शियम मारणारं.

दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, स्वीडनमधल्या ऑरेनियस यांच्या गटाने नुकत्याच सुट्या केलेल्या पेशींवर कार्बन टेट घालून पाहिलं. त्यांच्या पेशी बाहेर कॅल्शियम नसताना जास्त मेल्या. पुन्हा उलटं!

हे वाचून विज्ञानावरचा विश्वास उडायचं कारण नाही. तीन प्रयोग तीन वेगळ्या गोष्टी मोजत होते. कुत्र्यांच्या प्रयोगात आख्खं जनावर होतं. कॅल्शियम मुळातच कमी असलेल्या शरीरावर विषाचा घाव पडला, आणि कॅल्शियम दिल्यावर कमतरता भरून निघाली. तिथे कॅल्शियम 'जास्त' नव्हतं, 'पुरेसं' झालं होतं. फार्बर यांच्या विषांचा मारा थेट पडद्यावर होता, भिंत आधी फुटत होती. तशा घराला नदीच मारणार. आणि ऑरेनियस यांच्या पेशींत घाव आतून सुरू होत होता, बाहेरची नदी आटवून हौदातली गळती थांबत नाही. उलट पेशीच्या पटलालाही घट्ट राहायला बाहेर थोडं कॅल्शियम लागतं. नदी पूर्ण आटली की काठच्या भिंतींनाही तडे जातात, काळ्या मातीत घर बांधलेल्यांना हे ठाऊक आहे.

१९८० च्या दशकात रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कॅल्शियमच्या वाटा अडवणारी औषधं उंदरांना देऊन पाहिली गेली, आणि कार्बन टेटनंतरची पेशींची मर कमी झाली. म्हणून कोणी बीपीची गोळी लिव्हरसाठी सुरू करू नये. सॉल्व्हंटच्या विषबाधेत माणसाला तो उपचार देत नाहीत. कार्बन टेटसाठी डॉक्टर एन-ॲसिटिलसिस्टीन वापरतात.

फुटलेल्या घरातली कात्री

आणखी एक शोध आहे, आणि मामांच्या प्रश्नाला तो सगळ्यात जवळून भिडतो. अमेरिकेत आयुष्यभर लिव्हरच्या विषांवर काम केलेले हरिहर मेहेंदळे यांना एक कोडं पडलं होतं. कार्बन टेट शरीरातून बरंचसं निघून गेल्यावरही लिव्हरमधली मर पसरत का राहते? विष संपलं, मग मारतंय कोण?

२००३ मध्ये त्यांच्या गटाने एक गुन्हेगार दाखवला, कॅल्पेन. हे प्रथिनं कातरणारं एन्झाइम, पेशीतली कात्री म्हणा. ते कॅल्शियमवर चालतं. पेशीच्या आत कॅल्शियम नगण्य, म्हणून कात्री मिटलेली राहते. पेशी फुटली की कात्री बाहेर सांडते, आणि बाहेर काय आहे? १.२ मिलिमोल कॅल्शियम. तिच्यासाठी ते भरपूर झालं. ती उघडते आणि शेजारच्या निरोगी पेशींची पटलं कातरू लागते. त्या फुटल्या की त्यांच्या कात्र्या बाहेर. अशी मर पसरत जाते. कॅल्पेनला रोखणारं औषध दिल्यावर उंदीर वाचले.

मग रक्तातलं कॅल्शियम १२.८ असेल तर कात्री जास्त चालेल? मला तसं वाटत नाही, आणि कारण आकड्यांतच आहे. कॅल्पेनच्या ज्या प्रकाराला जास्त कॅल्शियम लागतं त्यालाही निम्मा वेग घ्यायला ०.४ ते ०.८ मिलिमोल पुरतं. नॉर्मल रक्तात ते आधीच ओलांडलेलं आहे. दिवा पूर्ण लागलेला असताना बटण आणखी जोरात दाबून उजेड वाढत नाही.

मेहेंदळे यांचं त्याआधीचं कामही इथे आठवतं. क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक थोड्या प्रमाणात खाल्लेल्या उंदरांत कार्बन टेट ६७ पट जास्त मारक ठरलं. पहिली जखम मात्र तेवढ्या पटीने मोठी नव्हती. बिघडलं होतं ते बरं होणं. लिव्हर जखम झाल्यावर नव्या पेशी बनवून भोक बुजवतं, तेच थांबलं होतं. आणि या नव्या, विभागणाऱ्या पेशी कॅल्पेनला अडवणारं प्रथिन जास्त बाळगतात, म्हणून आग त्यांच्यापाशी येऊन थांबते.

या डागडुजीत रक्तातल्या कॅल्शियमचा खरा वाटा आहे. १९७० च्या दशकात कॅनडातल्या रिक्सन आणि व्हिटफील्ड यांनी उंदरांच्या थायरॉइड आणि पॅराथायरॉइड ग्रंथी काढल्या, त्यांचं कॅल्शियम उतरलं, आणि कापलेलं लिव्हर वेळेवर वाढेना. म्हणजे कमी कॅल्शियम लिव्हरला नक्की नडतं. पण याचा अर्थ जास्त कॅल्शियमने लिव्हर जास्त वेगाने भरून येतं असा मात्र होत नाही. उसाला पाणी लागतं म्हणून शेत बुडवत नाहीत.

मग १२.८ ने काहीच बिघडत नाही?

बिघडतं, पण बहुतेक लिव्हरच्या बाहेरून. कॅल्शियम इतकं चढलं की मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. माणूस सारखा लघवीला जातो, तहान लागते, तरी शरीर कोरडं पडतं. भूक मरते, मळमळतं, शौचाला होत नाही. सॉल्व्हंट मूत्रपिंडालाही लागतात. कार्बन टेटच्या विषबाधेत कित्येक रुग्ण लिव्हरने नव्हे तर लघवी बंद पडून गेलेत. कोरडं पडलेलं, कॅल्शियमने दमलेलं मूत्रपिंड आणि त्यावर सॉल्व्हंट, ही जोडी खरी भीतीची. या दोघांची गाठ पडते ती तिथे.

दुसरं असं, की मेलेल्या पेशींत कॅल्शियमचा चुना बसतो. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असतानाही बसतो, वाढलेलं असेल तर जास्त. ती राख आहे, आगीचं कारण नाही.

तिसरी अडचण निदानाची. मळमळ, थकवा, भूक नसणं ही लक्षणं वाढलेल्या कॅल्शियमचीही आणि सुजलेल्या लिव्हरचीही. एक सापडलं की दुसऱ्याचा शोध थांबतो. मामांचा एसजीपीटी तपासला गेला तो योगायोगाने, पॅकेजमध्ये होता म्हणून.

आणि त्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू, लिव्हर बिघडल्याने कॅल्शियम वाढतं का? क्वचित. फार वाढलेल्या जुनाट आजारात किंवा लिव्हरच्या काही कॅन्सरमध्ये तसं होतं. पण रोज ६०,००० युनिट व्हिटॅमिन डी घेणाऱ्या माणसात इतक्या लांबचं कारण शोधायची गरज नव्हती.

मामांना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "दोन चोर आहेत, एकमेकांना ओळखत नाहीत. पुडी आजच बंद करा, पाणी प्या, सोमवारची वाट बघू नका, आजच डॉक्टर गाठा. आणि टाकीचं त्यांना आवर्जून सांगा." ही शेवटची गोष्ट लोक सांगत नाहीत. डॉक्टरही 'नोकरी' असं लिहून पुढे सरकतात.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांनी सलाइन दिलं, व्हिटॅमिन डी तपासलं, ते खूप चढलेलं होतं. ते चरबीत साठतं, म्हणून उतरायला आठवडे लागतात. दोन महिन्यांनी मामा परत आले. कॅल्शियम १०.२. एसजीपीटी १७४.

"ताई, कॅल्शियम उतरलं की. मग ह्ये का न्हाई उतरलं?"

"टाकीवर कोण असतं?"

"मीच की."

त्या दिवशी त्यांनी स्वतःच दोन आणि दोन चार केले. शेठजींशी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण त्यांना पॅकिंगला घेतलं. पुढच्या तीन महिन्यांत एसजीपीटी ४६ वर आला. चुना तेवढा सुटला नाही.

गेल्या शनिवारी ते पुन्हा आले. बरोबर विशीतला एक पोरगा, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, हाताची कातडी कोरडी, सालपटं निघालेली. मामांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि बाही वर करायला लावली.

"ह्यो आता टाकीवर हाय. ह्याचं लिवर तेवढं बघा. कॅल्शियम नगं."